तेविसाव्या वर्षाचं गाणं

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, पॅरिसमध्ये शिकलेले, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारे विद्वान गृहस्थ. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवताहेत, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा सरळ कोलंबोकडे वळवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला स्वतःची ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन यांची त्या वर्षांतली गाणी आज आपण सुवर्णकाळाची म्हणून ऐकतो. ज्यांनी अभिरुची बिघडते असं मंत्रिमहोदयांना वाटत होतं, तीच गाणी आज ‘चांगलं ऐकणाऱ्या’ माणसाची ओळख झाली आहेत. केसकरांचा जन्म १९०३ चा. त्यांनी तेविशी ओलांडली तेव्हा १९२६ साल होतं आणि भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ पडद्यावर यायला अजून पाच वर्षं होती. त्यांचा कान घडला तो सिनेमाचं गाणं जन्माला येण्याआधी. उलट सिलोनला कान लावून बसलेली तेव्हाची पंधरा-सोळा वर्षांची मुलं आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहेत आणि नातवंडांच्या फोनवरची गाणी ऐकून ती केसकरांसारखीच हळहळतात.

तेविशीचा उल्लेख मी उगाच केला नाही. अमेरिकेतले दोन संशोधक, मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर, यांनी १९८९ मध्ये एक छोटासा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळात लोकप्रिय झालेली २८ गाणी त्यांनी निवडली आणि त्यांचे तुकडे १०८ जणांना ऐकवले. ऐकणाऱ्यांत सोळा वर्षांच्या मुलापासून शहाऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. प्रत्येकाने आवडीनुसार गुण द्यायचे. मग गाणं लोकप्रिय झालं तेव्हा त्या श्रोत्याचं वय काय होतं, हे काढून दोन्हींची सांगड घातली. आवडीचा आलेख डोंगरासारखा चढला आणि उतरला. शिखर आलं साडेतेवीस वर्षांच्या आसपास. म्हणजे सत्तरीतल्या माणसाला त्याच्या तेविशीतलं गाणं सर्वांत जवळचं आणि चाळिशीतल्यालाही त्याच्या तेविशीतलंच.

१०८ माणसं म्हणजे काही फार नव्हेत आणि साडेतेवीस हा आकडा कुणी दगडावरची रेघ समजू नये. पुढे २०१८ मध्ये सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी स्पॉटिफायवरच्या ऐकण्याची माहिती तपासली, तेव्हा हे वय आणखी खाली आलं. पुरुषांच्या बाबतीत तेरा ते सोळा आणि स्त्रियांच्या बाबतीत अकरा ते चौदा या वयात आलेली गाणी मोठेपणी सर्वाधिक ऐकली जात होती. आकडे वेगळे, कारण मोजायची रीत वेगळी. पण वयात येण्यापासून पायावर उभं राहण्यापर्यंतचं दशक कानावर कायमचा ठसा उमटवतं, एवढं दोन्हींतून दिसतं. भीमसेन जोशींचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहेच. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून झपाटलेला हा मुलगा १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडून निघाला. सगळे काही घर सोडत नाहीत, पण त्या वयात गाण्याने झपाटून जाणं बहुतेकांच्या वाट्याला येतं.

असं का व्हावं? मेंदूपासून सुरुवात करू. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हलोरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की आवडतं गाणं ऐकताना अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामीन स्रवतं. चविष्ट खाण्याने, प्रेमाने जे रसायन उसळतं तेच. मला या शोधातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. आवडती जागा येण्याच्या आधी, ती येणार आहे या अपेक्षेनेच मेंदूच्या एका भागात डोपामीन वाढू लागतं आणि जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात. मैफलीत तबलजीने तिहाई घेतली की समेआधीच आपण मांडीवर हात उचलून तयार असतो. सम येते, हात पडतो, तोंडून ‘वा!’ निघतं. त्या दोन क्षणांतला आनंद दोन वेगळ्या ठिकाणांहून येतो, हे विज्ञानाला आता कळलं. पण सम कुठे येणार हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती वाट पाहता येते. अपेक्षा करायची तर ओळख हवी. सगळा विषय या ओळखीपाशी येतो.

ही ओळख फार लवकर सुरू होते. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावेत असे आहेत. बाल्कन प्रदेशातल्या लोकसंगीतात तीन आणि दोनच्या असमान तुकड्यांनी बनलेल्या लयी असतात. आपल्या रूपक तालाची तीन-दोन-दोन अशी विभागणी आठवा. अशा लयीत मुद्दाम केलेली गडबड उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना कळत होती, पण तिथल्या मोठ्या माणसांना कळत नव्हती. बारा महिन्यांची होईपर्यंत बाळांचीही ती जाण गेली होती. मग वर्षाच्या बाळांना दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवलं, तर त्यांची जाण परत आली. मोठ्यांना तेवढंच ऐकवूनही फारसा फरक पडला नाही. पाळण्यातलं मूल सगळ्या लयींना मोकळं असतं आणि घरात जे वाजतं त्यानुसार त्याचा कान बांधला जातो. रूपकातला अभंग किंवा भावगीत ऐकताना आपल्याला मात्रा मोजाव्या लागत नाहीत, त्याचं श्रेय आपल्या बुद्धीला नाही, घरातल्या रेडिओला आणि आजीच्या भजनाला आहे.

पण ओळख म्हणजे प्रेम नव्हे. प्रेम जडतं ते वयात आल्यावर. त्या वयात मेंदू सुखाला विलक्षण संवेदनशील असतो आणि आयुष्यातल्या बहुतेक पहिल्या गोष्टी तेव्हाच घडतात. पहिली मैत्री, पहिलं प्रेम, पहिला पगार, घरापासून पहिल्यांदा लांब राहणं. माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहा ते तीस या वर्षांतल्या आठवणी सर्वांत दाट येतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलं आहे. गाणी या आठवणींना चिकटून बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पेत्र यानाता यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आठवण जागवणारं गाणं ऐकताना कपाळामागचा जो भाग कामाला लागतो, तो आपण स्वतःविषयी विचार करतानाही गुंतलेला असतो. म्हणून कुणी आपल्या गाण्याला नावं ठेवली की ती आपल्यालाच ठेवल्यासारखी लागतात.

मग हा सगळा खेळ वयाचाच आहे का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधारही आहे. रॉबर्ट श्रॉफ आणि डेव्हिड रुबिन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत स्थलांतर केलेल्या स्पॅनिशभाषक वृद्धांच्या आठवणी तपासल्या. जे तिशी-पस्तिशीत देश सोडून आले, त्यांच्या आठवणींची दाटी विशीत न राहता स्थलांतराच्या काळाकडे सरकली होती. आयुष्य जिथे वळण घेतं तिथे स्मृती दाट होते. बहुतेकांचं वळण विशीच्या आसपास येतं, म्हणून ते वय खास ठरतं.

कुमार गंधर्वांचं आयुष्य मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला, लहानपणीच नामांकित झालेला हा गायक क्षयाने गाठला आणि कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला गेला. पुढची काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून कानावर काय येत होतं? माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीतं आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. गात्या गळ्याला सक्तीची विश्रांती मिळाली आणि कानाने नवं जग आत घेतलं. आजारातून उठल्यावर लोकधुनांतून नवे राग बांधणारे, निर्गुणी भजनं शास्त्रीय बैठकीत आणणारे जे कुमार गंधर्व महाराष्ट्राने ऐकले, ते लहानपणी नावाजलेल्या मुलापेक्षा फार वेगळे होते. आयुष्याने वळण घेतलं आणि ऐकायला भरपूर सवड मिळाली, तर घडलेला कानही पुन्हा घडतो.

आता दुसरी एक गोष्ट, जी मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहसंशोधक जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या बासष्ट तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटावीत हे अपेक्षितच होतं. पण आलेखात आणखी दोन उंचवटे आले. एक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण होते तेव्हाचा. दुसरा साठच्या दशकातला. तो आजी-आजोबांकडून झिरपत आला असेल किंवा त्या दशकातली गाणीच तशी टिकाऊ असतील, अशा दोन्ही शक्यता संशोधकांनी मोकळ्या ठेवल्या. आपण जन्मलोही नव्हतो तेव्हाच्या गाण्यांशी आपलं नातं असतं, कारण ज्यांच्या कुशीत वाढलो त्यांच्या तारुण्याची ती गाणी असतात.

आपल्याकडे तर हे घरोघर घडलं आहे. रेडिओ सिलोनच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने व्हायचा. सैगल जानेवारी १९४७ मध्ये गेले. त्यानंतर जन्मलेल्या कितीतरी मुलांना शाळेची तयारी करताकरता त्यांचा आवाज पाठ झाला. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि वर्षाहून थोडं अधिक चाललं. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गीत आणि तेच त्या आठवड्यात पुन्हा. घरात रेडिओ एक, म्हणून आजोबांपासून पाळण्यातल्या मुलापर्यंत सगळ्यांनी तेच ऐकलं. त्या मुलाने पुढे फडक्यांचे कार्यक्रम ऐकले, घरात कॅसेट आणल्या आणि त्याच्या मुलांनी त्या ऐकल्या. नाट्यसंगीताचंही तसंच. बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेली पिढी आता जवळपास उरलेली नाही, पण २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आला तेव्हा १९६७ च्या नाटकातल्या पदांना कॉलेजातल्या मुलांनी दाद दिली.

इथे मला काळजी वाटते. आता घरात चार माणसं आणि आठ कान वेगवेगळ्या ठिकाणी. इअरफोन लावलेल्या मुलाला आईचं आवडतं गाणं ऐकू येत नाही आणि आईला त्याचं. नको असताना कानावर पडत राहणं हीच या वारशाची वाट होती.

या वाटेमागचं तत्त्व रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आवडू लागते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. साधं गाणं लवकर आवडतं आणि लवकर कंटाळा आणतं. गुंतागुंतीचं गाणं आधी परकं वाटतं, हळूहळू उलगडतं आणि मग पुष्कळ टिकतं. ‘वय झालं की शास्त्रीय कळायला लागतं’ असं आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. आरिएल बॉनव्हिल-रूसी, पीटर रेंटफ्रो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून हेच सांगितलं. आक्रमक, कर्कश संगीताची ओढ किशोरवयात जास्त असते आणि पुढे ओसरते. शास्त्रीय किंवा जॅझसारख्या संगीताची आवड मध्यम वयात वाढते. संगीत ऐकण्यात जाणारा वेळ मात्र वयाबरोबर कमी होतो. या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांची एकाच काळात तुलना केली आहे, त्यामुळे यातलं वयाचं किती आणि पिढीचं किती हे पूर्ण सुटं करता येत नाही. तरी मला पटतं ते असं, की यमन कळायला पन्नाशी लागत नाही, शंभरदा ऐकलेला यमन लागतो. तो विसाव्या वर्षीही ऐकून झालेला असू शकतो. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेली तरुण मुलं हेच सांगतात.

शरीरही आपला वाटा उचलतं. वयाबरोबर कानाच्या आतल्या केसपेशी झिजतात आणि आधी उंच पट्टीतले बारीक आवाज हरवतात. गोंगाटात शब्द पकडणं जड जातं. शिवाय हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम असह्य होतो, अशी विचित्र अवस्था येते. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आजोबा तक्रार करतात, ती केवळ जुन्या वळणाची कुरकुर नसते, त्यांना तो आवाज खरोखर बोचतो. ‘हल्लीच्या गाण्यातले शब्दच कळत नाहीत’ हेही पुष्कळदा कानाचं गाऱ्हाणं असतं आणि त्यासाठी कानाची तपासणी करून घ्यावी. लयीचंही तसंच. डेव्हिन मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चार ते पंच्याण्णव वर्षांच्या माणसांना आपल्याला सोयीच्या वाटेल त्या गतीने ठोके द्यायला सांगितले. मुलांचे ठोके जलद होते आणि वयाबरोबर ते संथ होत गेले.

तेव्हा नवं गाणं आवडत नाही, ते पुष्कळदा आपण त्याला वेळ देत नाही म्हणून. सोळाव्या वर्षी एकच गाणं दिवसातून दहादा ऐकलं जायचं, पंचेचाळिशीत आपण नव्या गाण्याला अर्धा मिनिट देतो आणि निकाल सांगून मोकळे होतो. जुन्या काळाशी केलेली तुलनाही सारखी नसते. १९५५ मध्येही सुमार गाणी ढिगाने आली होती, ती विसरली गेली आणि सत्तरएक वर्षांच्या चाळणीतून उरली ती आज आपल्या कानावर येतात. आजची गाणी अजून त्या चाळणीत पडलेली नाहीत.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यॉर्न-हेन्रिक याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की फार जुन्या ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचे जे भाग काम करतात, ते अल्झायमरच्या आजारात इतर भागांच्या मानाने बरेच शाबूत राहतात. मुलाचं नाव विसरलेली आई तरुणपणीचं गाणं सुरात म्हणते, त्यामागे हे असावं. संगीताने आजार बरा होत नाही, पण अस्वस्थ माणूस शांत होतो, क्षणभर ओळखीचा होतो. मात्र त्यासाठी कुठलं गाणं लावायचं हे घरच्यांना माहीत असावं लागतं. ‘जुनी गाणी’ म्हणून कुठलीही लावून भागत नाही. १९४० मध्ये जन्मलेल्या आजीची गाणी १९५२ ते १९६५ च्या आसपासची. ती भावगीतं असतील, गीतमालेतली असतील, जात्यावरच्या ओव्या असतील, गावच्या भजनी मंडळातले अभंग असतील किंवा तमाशातल्या लावण्या असतील. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना ती विचारा. पंधरा ते पंचवीस या वयात काय ऐकत होतात, कुणाबरोबर, कुठे, हे त्यांना सांगता येतं आहे तोवरच विचारा, वहीत लिहून ठेवा आणि ती वही घरातल्या सगळ्यांना सापडेल अशा जागी असू द्या.